पंच्याण्णवच्या आतला रोनाल्ड

देवगड बंदरात रोनाल्ड लोबोचं गॅरेज शोधायला पत्ता लागत नाही, कान पुरतात. ट्रॉलरच्या इंजिनांशी सगळी उमर गप्पा मारून त्याचा आवाज असा झाला आहे, की तो बायकोकडे चहा मागतो तेव्हा शेजारच्या दोन घरांतही आधण चढतं.

या रोनाल्डने अकरा वर्षं खपून स्वतःची स्पोर्ट्‌स कार बनवली. इंजिन फोंडाघाटात उलटलेल्या एका गाडीचं, सांगाडा स्वतः वेल्डिंग केलेला आणि वरचा साज मालवणात फायबरच्या होड्या बनवतात त्यांच्याकडचा. त्यामुळे गाडी पुढून शर्यतीला निघालेली दिसते आणि मागून मासेमारीला. त्याच अकरा वर्षांत त्याच हातांना घराचं एक गळकं कौल बदलायला वेळ झाला नाही, ही नोंद त्याची बायको कार्मेलिना दर पावसाळ्यात बादली ठेवताना करते.

घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळत नाही. नंबर नाही म्हणजे रस्ता नाही. गाडीचा फोटो बघून आरटीओच्या साहेबांनी विचारलं होतं, की ही मत्स्यव्यवसाय खात्यात दाखवलीत का. त्यामुळे या लाल वाऱ्याची सगळी धाव परसातल्या माडापासून विहिरीपर्यंत, आणि तिथून रिव्हर्समध्ये परत.

मग सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, रेसट्रॅक आला. कातळ सपाट करून मुंबईच्या एका बिल्डरने झकास वळणावळणाचा ट्रॅक केला. तो माणूस दूरदृष्टीचा. ट्रॅकला लागूनच त्याने रिसॉर्ट काढलं आणि तिथे शांतता विकायला ठेवली. म्हणजे कुंपणाच्या अलीकडे आवाजाचे पैसे आणि पलीकडे आवाज नसल्याचे. पलीकडच्या पाहुण्यांनी अलीकडच्यांची तक्रार केली तेव्हा मालकाला फार वाईट वाटलं आणि नियम निघाला: प्रत्येक गाडीची आधी आवाजाची चाचणी. पंच्याण्णव डेसिबलच्या वर गेली की घरी. शर्यत करा, पण कुणाला कळू देऊ नका. मच्छी खा, पण वास येता कामा नये, त्यातलाच प्रकार.

पावसाआधीचा शेवटचा रविवार स्थानिकांसाठीही मोकळा होता. त्यानंतर प्रवेश फक्त सभासदांना, आणि सभासदत्वाची रक्कम ऐकून रोनाल्ड आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला होता. म्हणजे गाडी खऱ्या रस्त्यावर धावायची ती त्या रविवारी, नाहीतर माड आणि विहीर आहेतच.

मोबाइलवर मोजलं तेव्हा गाडी एकशे सात भरली. रोनाल्डला आधी अभिमानच वाटला. मग त्याने उपाय सुरू केले. सायलेन्सरमध्ये नारळाचा काथ्या कोंबला. आवाज खरंच बसला. पण थोड्या वेळाने मागून धूर आणि मग ज्वाळा आल्या, आणि कार्मेलिनाने वाळत घातलेल्या आमसुलांना धुराचा वास लागला तो कायमचाच. मग त्याने ट्रॉलरचा जुना सायलेन्सर बसवला. त्याच्या वजनाने गाडीने पुढची दोन्ही चाकं उचलली आणि ती आकाशाकडे बघत उभी राहिली. मग कुणीतरी सांगितलं, की पुण्याचे लोक धुराच्या नळीचं तोंडच मीटरच्या उलट्या बाजूला वळवतात. रोनाल्डने वळवलं. चाचणीवाला दुसऱ्या बाजूने आला तर काय, असं कार्मेलिनाने सहज विचारलं आणि तो रात्रभर तिच्याशी बोलला नाही. शेजाऱ्यांना छान झोप लागली.

शेवटी होड्यांच्या कारखान्यातून आणलेली काचेच्या धाग्यांची गादी कामी आली. दोन सायलेन्सर एकापुढे एक, दोघांच्या पोटात ती गादी ठासून भरलेली. मोबाइल म्हणाला, त्र्याण्णव. रोनाल्डने पुन्हापुन्हा मोजलं आणि मग गावभर सांगितलं. त्याच्या आवाजात सांगितलं, म्हणजे पलीकडच्या विजयदुर्गालाही कळलं असणार.

इथेच चूक झाली. कारण रविवारी आंब्याच्या टेम्पोतून गाडी सड्यावर पोचली, तेव्हा मागून दोन टेम्पो भरून गावही आलं. पुढे बाबली घाडी, हातात नारळ.

बाबली म्हणजे गावाचं गाऱ्हाणं घालणारा. होडी पाण्यात लोटायची असो, दुकान उघडायचं असो, की रोनाल्डच्या पोरीला मस्कतला नोकरी लागायची असो, बाबलीने देवाच्या कानावर घातल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. रोनाल्ड सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन आला होता. पण ट्रॅक सड्यावर आणि सडा गावाच्या राखणदार देवाचा. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं.

चाचणीला सर्वेश नावाचा तरुण होता. मूळचा कुडाळचाच, पण कामावर असताना फक्त पुस्तकी मराठी बोलायचा. नळीपासून हातभर अंतरावर त्याने मीटर उभा केला, दोन संधी मिळतील असं सांगितलं आणि रोनाल्डला इंजिन चढवायची खूण केली. त्याच क्षणी बाबलीने नारळ उंचावला.

"बा देवा म्हाराजा, जो काय आमचो रोनाल्ड ही गाडी घेवन तुझ्या सड्यार इलो आसा, तेच्या गाडयेचो आवाज कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन टेम्पोंनी एका गळ्याने हाक दिली.

"कोणाच्या कानाक तरास होवचो नाय, अशी मुकी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कुंपणापलीकडे योगासनं करणारा एक पाहुणा डोक्यावर उभा होता, तो आडवा झाला. मीटरवर एकशे चार आले.

सर्वेशने शांतपणे सांगितलं, की पहिली संधी संपली. इंजिन अजून चढलंसुद्धा नव्हतं, असं रोनाल्ड पोटतिडकीने सांगू लागला, तेव्हा सर्वेशने त्याला मीटर दाखवला. नुसतं सांगण्याचे अठ्ठ्याण्णव होत होते.

"काका, यंत्राला माणूस आणि सायलेन्सर यांतला फरक कळत नाही," तो म्हणाला. "पुन्हा असं झालं तर गाडी परत न्यावी लागेल."

मग गावाला गप्प करण्याचं काम सुरू झालं. गाव समंजस. गप्प राहायचं हे सगळ्यांना पटलं आणि प्रत्येकाने ते शेजाऱ्याला ओरडून समजावलं. कोण बोललं यावर भांडण झालं. बाबलीचं म्हणणं, आपण आता मनातल्या मनात गाऱ्हाणं घालू. पण मनातल्या मनात म्हणजे कसं, हे त्याने घालून दाखवलं आणि मीटर नव्वदला पोचला. रोनाल्ड स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला.

कार्मेलिनाने टेम्पोतून डबा काढला. गाडी धावल्यावर वाटायला म्हणून तिने दोदोल केला होता. गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ तासन्‌तास घोटून केलेला, काळा, चिकट, टाळूला बसला की जीभ अडकवून ठेवणारा. तिने एकेकाच्या तोंडात जाडजूड वडी कोंबली. बाबलीला दोन.

"चावू नकात," ती म्हणाली. "विरघळान दी."

आणि सड्यावर अशी शांतता पसरली, की ती विकायला ठेवता आली असती. रोनाल्डने इंजिन चढवलं. सर्वेशने मीटरकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि पुस्तकी मराठी विसरला.

"चौऱ्याण्णव. काका, जावा आता. झाला तुमचा."

रोनाल्ड ट्रॅकवर गेला, आणि तिथे त्याला कळलं, की आपण जन्मभर गिअर कानाने टाकत आलो आहोत. आता डोक्यावर हेल्मेट आणि मागे दोन सायलेन्सर. इंजिन काय म्हणतंय ते ऐकूच येईना. कधी गिअर बदलायचा कळेना, म्हणून तो दुसऱ्यातच राहिला. पुण्याच्या गाड्या बाजूने फुस्सकन निघून जात होत्या आणि लोबोसाहेब वरातीच्या वेगाने वळणं घेत होते. गाडी खरंच चालू आहे का, असं बाबलीने खुणेनेच विचारलं. त्याची जीभ अजून सुटली नव्हती.

चार फेऱ्या झाल्या. गाडी आत येऊन थांबली, तरी रोनाल्ड उतरेना. कार्मेलिना जवळ गेली. हेल्मेटच्या आत त्याचे डोळे ओले होते, आणि तो कुजबुजत होता. बत्तीस वर्षांच्या संसारात हा प्रकार तिला नवीन होता.

"कशी चलली?" तिने विचारलं.

"बरी चलली," तो म्हणाला. "पण मीच चलयत होतंय काय, ता माका कळाक नाय गो."

"मी बघलंय. तूच होतंस."

तो इंजिन थंड होईपर्यंत बसतो म्हणाला. तिने साडी सावरून फायबरच्या कडेवरून पाय टाकला, आणि अकरा वर्षांत कुणी न बसलेल्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.