मेण न लावलेली जागा

आमच्या स्कूटरला मी सवत म्हणायचे. नव्वदीतली गोष्ट. दर रविवारी नवरा तिला न्हाऊमाखू घालून जुन्या बनियनच्या तुकड्याने मेणपॉलिश लावायचा आणि इकडे त्याचा चहा गार व्हायचा. पुढच्या पत्र्यावर तळहाताएवढी जागा मात्र तो कोरडी सोडायचा. का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, आळस.

दसऱ्याला तिथेच तो ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचा. त्या वर्षीही काढलं आणि दिवाळीच्या आत काविळीने गेला.

गाडी सांगलीतल्या आमच्या बोळात ताडपत्रीखाली दोन वर्षं उभी राहिली. उसाच्या हंगामात गुऱ्हाळांची काजळी, पावसाळ्यात आत कोंडलेली ओल. मला शाळेत नोकरी लागली, एसटीची वेळ जमेना, तेव्हा ताडपत्री ओढली. निळा रंग पांढुरका पडला होता. स्वस्तिक मात्र रंगात मुरलं होतं, फिकट तांबूस. एका भुजेच्या टोकाला बोटाचा ठसाही दिसत होता.

सासूबाई वडूजकडच्या. रोज तुळशीला पाणी घालून झालं की त्या ताडपत्रीचा कोपरा उचलून ते बघायच्या, हे मला माहीत होतं. गाडी वापरायला त्यांनी हरकत घेतली नाही. एवढंच म्हणाल्या, "बाकी कसंबी घास. त्याच्या बोटाचं तेवढं राहू दे."

मी कबूल केलं. गॅरेजवाल्याने रंग घासायच्या रबिंगच्या लेपाचा डबा दिला आणि बजावलं की रंग मेलेला नाही, वरचा थर तेवढा मेलाय. हलक्या हाताने गोल घासायचं, जोर लावायचा नाही. जोर न लावणं माझ्या स्वभावात नाही. दोन दिवस घासलं. वीत वीत निळं वर येत गेलं तसं मला रडू यायच्या ऐवजी राग येत गेला. ताप अंगावर काढून गाडी धुणाऱ्या माणसाचा राग. डोळे पिवळे झाले तरी दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या माणसाचा. त्या रागात फडकं चार बोटं पुढे सरकलं. थांबले तेव्हा दोन भुजा फडक्यावर आल्या होत्या, ठशासकट.

अर्धवट उरलेलं बघवेना. तेही घासून काढलं. मग चोराच्या मनात चांदणं, तिथे कधी काही नव्हतंच असं दिसावं म्हणून त्यावर मेणाचा जाड थर चढवला.

सासूबाई बाहेर आल्या. पुढचा पत्रा बघितला. मला वाटलं, शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटत होतं. त्या आत जाऊन देवघरातलं कुंकू आणि वाटीत पाणी घेऊन आल्या. लेक काढायचा तसंच बोटाने काढू लागल्या. कुंकू ठरेना. मेणावर त्याचे थेंब व्हायचे आणि खाली ओघळायचे. पदराने पुसून त्यांनी पुन्हा काढलं, पुन्हा ओघळलं. तो ती जागा कोरडी का सोडायचा, ते आठ वर्षांच्या संसारानंतर मला तेव्हा कळलं.

"लागंना गं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ती गाडी मी पुढे बरीच वर्षं चालवली. रविवारी मेण लावताना तळहाताएवढी जागा सोडायचे. दसऱ्याला कुंकू कालवून सासूबाईंना हाक मारायचे. त्या गाडीच्या पूजेला पुन्हा कधी बाहेर आल्या नाहीत.