चष्म्याच्या घरातल्या गोळ्या

"पॉट्स स्पाइन," मोठे डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काही उमटेना तेव्हा मराठीत सांगितलं, "मणक्याचा टीबी. हाड पोखरलंय, आतला पू मज्जारज्जूवर दाब देतोय. म्हणून पाय जड झालेत."

टीबी तर छातीला होतो ना? मला खोकला नाही, ताप नाही. पाठ चार महिने दुखत होती, पण ती मशीनवर वाकून दुखते असं मीच ठरवून टाकलं होतं. अमरावतीत राजापेठला माझा शिवणक्लास आहे. मी पंगतीत बसले तरी अर्ध्यातून वाढायला उठणारी बाई. त्या मला लेकीनं अकोल्याला आपल्याकडे आणलं आणि शिकाऊ डॉक्टर असतात अशा एका दवाखान्यात भरती केलं. तिथं सांगितलं, खाटेवरून उठायचं नाही.

पहिला आठवडा तपासण्यांत गेला. बायोप्सी झाली, म्हणजे सुई घालून आतला तुकडा काढून तपासला. मग रिपोर्टची वाट. रोज सकाळी मोठ्या डॉक्टरांमागे दहाबारा पोरं यायची, माझ्या पायाला टाचणी टोचायची, इंग्रजीत बोलायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. असा राग यायचा! अरे, पाय माझा आहे, मलाही सांगा की.

गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी बेडपॅनमध्ये पाहिलं तर लघवी लाल. रक्त चाललंय, दुसरं काय? पण एवढ्या पोरांसमोर हा शब्द काढायचा कसा? लेक आधीच घाबरट, तिलाही सांगितलं नाही. गोळ्या जिभेखाली धरायच्या आणि सिस्टरची पाठ वळली की चष्म्याच्या घरात टाकायच्या, असं सुरू केलं. दोन दिवसांत रंग साफ झाला. झालं, माझं निदान पक्कं! पूर्वा नावाची शिकाऊ डॉक्टर रोज फाइलमध्ये डोकं घालून विचारायची, "काकू, गोळ्या घेतल्या?" मी म्हणायची, "हो."

दोन आठवड्यांनी डाव्या पायाची बोटं हलेनाशी झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडत नाही. ऑपरेशन करावं लागेल. त्यानंतरही पाय पूर्वीसारखे होतीलच असं सांगता येत नाही." लेक बाहेर जाऊन रडली. मला सगळं कळत होतं, तरी तोंड उघडेना. आता सांगितलं तर सगळे फाडून खातील, ही भीती. दिवसभर चादरीचा काठ चुरगाळत पडून राहायची.

त्याच आठवड्यात त्या पोरांचा नाटकाचा तास होता. रोग्याच्या मनातलं पुस्तकातून कळत नाही, म्हणून त्यांना नाटक, चित्रं, गोष्टी असंही शिकवतात म्हणे. त्या दिवशी वाटणी उलटी होती. शिकाऊ डॉक्टरनं रोगी व्हायचं आणि रोग्यानं डॉक्टर. पडून पडून विटलेली मी, लगेच तयार झाले. मला खाटेसकट हॉलमध्ये नेलं, गळ्यात स्टेथोस्कोप घातला. समोरच्या बाकावर पूर्वा आडवी झाली. ती हिवरखेडची, म्हणजे माझ्यासारखीच वऱ्हाडी बोलणारी.

मी फाइलमध्ये डोकं घालून विचारलं, "गोळ्या घेतल्या?" पोरं हसली.

"हो."

"खोटं बोलून राह्यली तू!" मी गरजले. "त्या गोळ्यायनं मळमळते, तोंड कडू पडते. खरी घेणारी कुरकुर करते, अशी सरळ हो नाई म्हणत. लय पोरी शिकवल्या म्या. उसवलेली शिवण लपवणारीचा हो मले बरोबर समजते. दाखव, कुठं लपवल्या?"

हॉल हसून लोळायला लागला. पूर्वा मात्र उठून बसली. ती हसत नव्हती.

"काकू, मी तं तुमच्यासारखंच हो म्हटलं."

मी उशीखालून चष्म्याचं घर काढून तिच्या हातात दिलं आणि पोरांसमोर ढसाढसा रडले.

"काहून टाकल्या, काकू?"

"लघवीतून रक्त चाललं होतं माह्या."

मागे उभे असलेले मोठे डॉक्टर पुढे येऊन बाकावर टेकले. "रक्त नव्हतं ते. रिफाम्पिसिन नावाच्या गोळीचा तो रंग. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पुढं रंग कसा आहे हेही आम्ही विचारलं नाही. चूक आमची आहे." मग पोरांकडे वळले. "हे तुमच्या पुस्तकात आहे. यांना कुणी सांगितलं होतं?"

रोज पाय तपासायचे या अटीवर ऑपरेशन पुढं ढकललं. ते दिवस जाता जात नव्हते. पूर्वा सकाळी स्टूल ओढून बसायची, गोळ्या द्यायची आणि खणखणीत आवाजात विचारायची, "काकू, लघवी लाल झाली का?" मीही अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं उत्तर द्यायची. दहाव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा जरासा हलला. त्या पोरीनं आनंदानं माझा पायच कवटाळला.

ऑपरेशन टळलं. आता कमरेला पट्टा बांधून मी अर्धा दिवस क्लास घेते. गोळ्या अजून काही महिने आहेत. पूर्वाचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना एवढंच सांगते, डॉक्टर घाईत असू देत, भोवती शंभर माणसं असू देत, जे दिसलं ते बोला. माझी लाज माझे दोन्ही पाय घेऊन निघाली होती.