सुगंधाबाईच्या अंगात काय आलं होतं

धुळ्याच्या देवपुरात सुगंधाबाईचा आवाज कोणाला ठाऊक नव्हता? पिठाच्या गिरणीचा पट्टा धडाधडा फिरतोय, आणि त्याच्यावर बाईची पुढच्या डब्यासाठी हाक, "आगला डबा कोना शे व?" पार पांझरा नदीच्या पुलापर्यंत ऐकू जायची. नवरा तोताराम गिरणीच्या मोटारीला ग्रीस लावी, बाकी सगळा कारभार तिच्या हातात. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायच्या आधी ती गिरणी स्वतः धुऊन काढी, आणि मग देवीच्या नैवेद्याच्या रोटांच्या गव्हाशिवाय दुसरा दाणा तिच्यात पडू देत नसे. अशी आमची बाई!

तर शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गहू ओतता ओतता तिची छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास अर्ध्यातच अडकला. "मी मरस आते," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. दवाखान्यात हृदयाची पट्टी काढली, ती ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, गॅस असेल. डोंबलाचा गॅस! थोड्याच दिवसांत पुन्हा तेच झालं, मग बाजारात, मग बसमध्ये. आता परत होईल या धाकानं तिनं आधी बाजार सोडला, मग गिरणी सोडली, मग अंगणसुद्धा. कोपऱ्यात बसून राही. वेणी घालायचं मनात येईना, घास गिळवेना, उगाचच डोळ्यांना धार लागे. "मना काय उपेग राहिना?" असं ती तोतारामला विचारी, आणि तो बिचारा गिरणी बंद ठेवून तिच्याशेजारी बसे.

त्या श्रावणात घरी कानबाई बसली. आरतीच्या गर्दीत सुगंधाबाईला पुन्हा झटका आला. अंग थरथरतंय, केस सुटलेत, धाप लागलीय. जाऊ भिकुबाईनं हे पाहिलं मात्र, ती कडाडली, "ऊनी व ऊनी! कानबाई ऊनी!" झालं! देवी अंगात आली म्हणून कुंकू काय, नारळ काय, बाया पटापट पाया पडल्या. दर मंगळवारी ओसरीवर रांग लागायला लागली. आणि खरं सांगायचं तर सुगंधाबाईला ते बरं वाटलं. कोपऱ्यातल्या बाईला कोणीतरी विचारत होतं. झटका आला की आता कीव होत नव्हती, पूजा होत होती. लोक घरी गेले की ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची, ते कोणी पाहत नव्हतं.

मग एके दिवशी शिंदखेड्याहून गुंताबाई आली, आपल्या तरण्या लेकीला, लिलाला, हाताला धरून. "माय, मनी पोरना जीव घाबरस, घाम फुटस. आते ती जेवत नही, बोलत नही. काल विहिरना काठवर बठेल व्हती. तूच सांग, दवाखानामा लई जाऊ का अंगारा लावू?"

भिकुबाईनं अंगाऱ्याची वाटी पुढे सरकवली. सुगंधाबाईनं लिलाकडे पाहिलं. तेच कोरडे ओठ, तीच दाराकडे लागलेली नजर. अंगारा लावला तर पोर घरी जाणार, आणि घराजवळ ती विहीर. सुगंधाबाई उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी कानबाई नही शे. माले भ्या वाटस, तेना झटका येस. हाई पोरले बी तेच शे. आते आम्ही दोन्हीजनी दवाखानामा जातस."

काय छाती म्हणायची बाईची! भरल्या ओसरीवर आपलं देवपण असं कोण उतरवून ठेवतं?

धुळ्यातल्या मनाच्या डॉक्टरांनी दोघींचं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "या झटक्यानं माणूस मरत नाही. पण त्याच्या धाकानं तुम्ही एकेक करून सगळं सोडलंत. मग दिवसात उरलं काय? त्यातून हे खचणं आलं, आणि खचलेल्या मनाला भीती जास्तच धरते. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात, म्हणून इलाज दोन्हींवर करायचा." गोळ्या सुरू झाल्या. शिवाय रोज थोडं थोडं बाहेर जायचं, भीती वाटली तरी जायचं. कधी सुगंधाबाई गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाई, कधी उंबऱ्यावरूनच परत फिरे. तोताराम सोबत असे.

इकडे भिकुबाई गावभर सांगत सुटली, हिनं देवी खोटी पाडली, हिच्या गिरणीत रोटाचं दळण टाकू नका. पुढच्या श्रावणापर्यंत सुगंधाबाई गिरणीत परतली होती. तिनं गिरणी धुतली आणि वाट पाहत बसली. दुपारपर्यंत कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. तेवढ्यात रोटाच्या गव्हाचे डबे घेऊन गुंताबाई आणि लिला येताना दिसल्या. भिकुबाईचं बोलणं कानावर गेलं म्हणून थेट शिंदखेड्याहून! परगावच्या बाया दळणाला आलेल्या पाहून गल्लीतल्या बायांना लाज वाटली, आणि त्याही डबे घेऊन आल्या.

पट्टा सुरू झाला, आणि ऐन गर्दीत सुगंधाबाईची छाती पुन्हा धडधडली. हात थरथर कापायला लागले. मागून कोणीतरी कुजबुजलं, "ऊनी वाटस!" एकीचे हात जोडलेसुद्धा गेले.

"देवी नही शे, भ्या शे!" लिला ठणकावून म्हणाली. "येस नि जास. जरा मांगे सरका, काकूले हवा लागू द्या."

सुगंधाबाई पळाली नाही. गिरणीला धरून उभी राहिली, सावकाश श्वास सोडत राहिली. थरथर ओसरली तसा तिनं पदर कमरेला खोचला, आणि पांझरेच्या पुलापर्यंत जाईल असा आवाज काढला, "आगला डबा कोना शे व?"