दुसऱ्या दिवशी काढलेलं रक्त

विज्ञानासमोर सगळी माणसं सारखी असतात, असं नवऱ्या मुलाच्या मामांनी आमच्या ओटीवर बसून सांगितलं तेव्हा आम्ही माना डोलावल्या. ते अमेरिकेहून सुट्टीवर आले होते, आणि त्या काळी वसईत अमेरिकेहून आलेल्या माणसाने वेळ विचारली तरी माना डोलत. या सारखेपणाची सुरुवात एकट्या माझ्या बहिणीचं रक्त तपासून करायची आहे, हे त्यांनी चहा संपल्यावर सांगितलं.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. वसईतल्या होळी या भागात आमची पानवेलींची बाग होती. ताई मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. समुद्राकडच्या एका वाडीवाल्या घरात तिचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. सुपारी फुटल्यावर लग्न मोडलं, तर कारण काहीही असो, बोट मुलीकडेच दाखवलं जाई. मामा आले त्या दिवशी वॉर्डात एका रोग्याचं फोडांनी भरलेलं तोंड तिने उघड्या हाताने पुसलं होतं, आणि तिच्या बोटाला चीर होती. संध्याकाळी पाहुण्यांसमोर तिने ते सहज सांगितलं. तक्रार हातमोजे मिळत नाहीत ही होती. मामांनी त्यातला एकच शब्द उचलला, ‘हर्पिस’. त्यांच्या बॅगेत त्या रोगावरचं एक अमेरिकन मासिक होतं, आणि मासिकातला रोग तोंड पुसून पसरत नव्हता, अंथरुणातून पसरत होता.

दुसऱ्याच दिवशी ताईचं रक्त मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. उत्तर आलं : रक्तात हर्पिसची खूण आहे.

आईने चूल पेटवली नाही. बाबा, ताई आणि मी गावातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो.

“रक्त कधी काढलं?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या दिवशी,” ताई म्हणाली.

“मग हे त्या रोग्याचं नाही. नवी लागण रक्तात दिसायला काही आठवडे जावे लागतात, कधी महिनेही. ही खूण जुनी आहे. तापात ओठाला जर उठतो का तुझ्या? ते बारीक फोड?”

“लहानपणापासून.”

“तोच हा, उष्ट्यातून लागतो. ओठावरचा कुठला आणि मासिकातला कुठला, हे या तपासणीला नीट कळत नाही. तुमच्याकडे मुलांना चघळलेला विडा भरवतात ना?”

बाबा जरा दुखावले. “पानवाले आहोत, डॉक्टर. भरवतातच.”

“मग तुमच्या घरात कुणालाही सुई टोचा, हेच उत्तर येईल. त्या रोग्याने काही दिलंय का, ते या कागदावरून कळणार नाही. बोटावर लक्ष ठेव, पोरी.”

मामा पुन्हा आले तेव्हा शाल पांघरून आले. बाबांनी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. मामांनी ते, गावच्या डॉक्टरांचं ऐकून घ्यावं तेवढं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आपण सन्मानाने थांबू या. आम्ही बाहेर अवाक्षर काढणार नाही.” आईने आत, आमच्या घरच्या बोलीत, त्यांच्याविषयी काहीतरी म्हटलं. मामांना ते कळू नये अशी अपेक्षा होती. पण लहानपणी तेही हीच बोली बोलत, त्यामुळे ते लाल झाले.

अशा बैठकीत मुलीने बाहेर यायचं नसतं. ताई आली, आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली.

“मामा, बाहेर सांगा की. पण आधी तुमच्या घरातलंही रक्त काढा. तुमच्याकडेही विडा भरवतात.”

“माझं रक्त? अगं, मी अमेरिकेत राहतो!”

“तिथेच हा रोग जोरात आहे ना? तुम्हीच म्हणालात.”

बाबा छताकडे बघू लागले. ते हसू दाबताना छताकडे बघत. मामांबरोबर आलेला नवरा मुलगा इतका वेळ बशीतल्या बिस्किटाकडे बघत होता. त्याने शर्टाची बाही वर सारली आणि विचारलं, “कुठल्या हातातून काढतात?”

“कुठल्याही. आधी बिस्कीट खा,” ताई म्हणाली.

पुढे मी पुष्कळ सभा पाहिल्या, हार घातलेली पुष्कळ माणसं ऐकली. त्या संध्याकाळी उंबऱ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीचा मी भाऊ आहे, यापेक्षा मोठी पदवी मला कुणी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.

मुलाच्या रक्ताचं उत्तर ताईच्या उत्तरासारखंच आलं. तो कुठल्याही वॉर्डात गेला नव्हता. मामा रक्त न देताच परत गेले. त्यांचं विमान अचानक अलीकडच्या तारखेचं निघालं. ताईच्या बोटाची चीर भरून आली आणि फोड काही आला नाही.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. धावपळीने नवऱ्या मुलाला आदल्या दिवशी ताप आला होता, त्यामुळे अल्बममधल्या सगळ्या फोटोंत तो ओठावर रुमाल धरून उभा आहे.