खदानीतले तीन ठोके

मी कचऱ्यात काम करते. म्हणजे अक्षरशः. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी झाडं लावेल — पोरगी निघाली उकिरडे उपसायला! दहा-बारा वर्षं हेच चाललंय. जुने डंप मोकळे करायचे, कचरा चाळायचा, प्लास्टिक वेगळं, माती वेगळी. लिंबू-मिरच्या आणि काळ्या बाहुल्या तर पोत्यानं निघतात, मी त्या 'मिश्र कचरा' म्हणून लिहिते आणि पुढं जाते. तेव्हा भुताखेतांचं मला कुणी सांगायला आलं की मी सरळ हसायचे. मला भीती दोनच गोष्टींची — ऐन कामात बंद पडणाऱ्या मशीनची आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांची. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी असंच होतं.

साइट परभणी-जिंतूर रस्त्यावर, झरी आणि बोरीच्या मधे, डांबरी सोडून आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. काळ्या दगडाची जुनी खदान. पस्तीसेक वर्षांपूर्वी बंद पडली, मालक सगळं विकून निघून गेला आणि मागं राहिला तीन मजली घर मावेल एवढा खड्डा. रिकामा खड्डा दिसला की आपल्या लोकांचा हात शिवशिवतो... आसपासच्या गावांचा आणि बाजाराचा कचरा ट्रॅक्टरनं तिथं यायला लागला. कोंबडीची पिसं, दवाखान्याच्या सुया, टायर, काय वाट्टेल ते. उन्हाळ्यात आतल्या आत धुमसायचं, धूर गावावर यायचा, विहिरींच्या पाण्याला वास यायला लागला. शेवटी काम निघालं — मिरगाच्या आत खदान रिकामी करायची, म्हणजे पुढं तिथं गावासाठी पाणी साठवता येईल.

माझ्या हाताखाली कचरा निवडणाऱ्या सतरा-अठरा बायका आणि पोकलेनवर माझा सख्खा धाकटा भाऊ, संतोष. हा आधी गंगाखेडकडं उसाच्या ट्रॅक्टरवर होता. दोनदा अपघातातून वाचला, तेव्हा आईनं माझ्याकडं पाठवला. "तुज्या डोळ्यासमोर ऱ्हाईल, तूच बघ त्याला," म्हणाली. ही जबाबदारी मी किती छान पार पाडली ते आता सांगते.

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. वरचा थर निघाला, खालचा काळा, चिकट थर लागला, खदानीच्या भिंतींचा दगड उघडा पडायला लागला... आणि एके दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ताट वाजायला लागलं.

घरी पोरगा झाल्यावर वाजवतात ना, तसं. ठण ठण ठण ठण, न थांबता. मी वर पत्र्याच्या शेडमधे रजिस्टर लिहीत होते. बाहेर येऊन बघते तर सगळ्या बायका टोपल्या टाकून भराभरा उतारावरून वर यायलेल्या. मला वाटलं साप निघाला.

"काय झालं गं? कोण वाजवतंय ते?"

"वाजवतंय कोन ते म्हाईत न्हाई," त्यांच्यातली सगळ्यात मोठी, यशोदाबाई, धापा टाकत म्हणाली. साठीच्या पुढची, काटक बाई. "पन ताट वाजलं की वर यायचं, मॅडम. हितला नेमच हाय तसा."

यशोदाबाईनं तरुणपणी याच खदानीत दगड वाहिले होते. तिनं सांगितलं — दगडात भोकं पाडून सुरुंगाचे बार भरायचे. उडवायच्या आधी एक माणूस काठावर उभं राहून ताट वाजवायचा, की सगळ्यांनी खालून वर यायचं. मग बार उडायचे आणि तोच माणूस ते मोजायचा. बारा भरले तर बारा ऐकू आले पाहिजेत. सगळे उडाले अशी खात्री झाली की तो ताटावर सावकाश तीन ठोके द्यायचा. त्यानंतरच खाली जायचं.

"आणि तीन ठोके नाही पडले तर?" मी विचारलं.

"तर त्या दिशी काम बंद. आत बार जिता हाय ना."

त्या दिवशी तीन ठोके पडले नाहीत. अर्धा तास बायका काठावर बसून राहिल्या, शेवटी मी आरडाओरडा केला तेव्हा उतरल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच! मी काही गप्प बसणारी नाही. शाळेत गेले, तिथं सुट्ट्या. देवळात गेले, तिथं कुलूप. खदानीच्या वरच्या माळावर एक मेंढपाळ मेंढरं चारायचा, त्याला गाठलं. त्याच्या मेंढरांच्या गळ्यात घुंगरू नव्हतं की त्याच्या हातात ताट नव्हतं. तो म्हणाला, "आमाला बी येतो की आवाज. लय वर्सापूर्वी यायचा. कचरा पडला तवापसून दबला व्हता." मी मनात म्हटलं, झालं, अख्खा तालुकाच येडा आहे.

संतोष माझ्यासारखाच. पण तोही बारा वाजले की मशीन बंद करून वर यायला लागला. मी रागावले तर हसला. "अक्का, बायका वर बसल्यावर मी एकटाच खाली मरू का? येडा हाव का मी?"

मग एकदा जेवताना यशोदाबाईनं उरलेलं सांगितलं. ताट वाजवणारा आणि बार मोजणारा माणूस म्हणजे तिचाच नवरा. शेवटच्या दिवशी बारा बार भरले होते. यानं अकरा मोजले. मुकादम म्हणाला, दोन संगंच उडाले, तुला कळलं न्हाई. गाड्या उभ्या होत्या, खोळंबा होत होता. हा ठोके द्यायला तयार होईना, तेव्हा मुकादमानं त्याच्या हातातलं ताट हिसकलं आणि स्वतःच तीन ठोके दिले.

"लोकं उतरायला लागले," यशोदाबाई म्हणाली. "तवा ह्यांनी ताट वापस घेतलं आन मनले, थांबा, मी एकटा आदी बघून येतो. गेले. त्या अंगाला, उगवतीच्या कड्याखाली. मी बाळंतीन व्हते, घरी. सांजच्याला मुकादम येऊन सांगतो, तुजा नवरा पैसे उचलून मुंबईला पळाला. खदान त्याच हप्त्यात बंद. वर कचरा यायला लागला."

"तुम्ही मानलंत ते?"

ती भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसली. "लोकं मनतात, त्या दिशी कडा ढासळला. लोकं मनतात, पळाला. कुकू लावावं का पुसावं, मला कुनी सांगितलंच न्हाई, मॅडम. म्हून लावते. हितं काम निगालं आसं ऐकलं, तवा आले. सगळा कचरा निगाल्यावर कळंल तरी."

तिच्या कपाळावरचं ते मोठं कुंकू मी रोज बघत होते. त्या दिवसापासून तिच्याकडं बघताना मला लाज वाटायला लागली, का ते सांगता येत नाही.

पण लाज वाटली म्हणून माणूस शहाणा होतो असं नाही.

मेच्या शेवटाला फक्त उगवतीकडचा कोपरा राहिला. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, आणि साहेबांनी फोनवर तीनदा विचारलं होतं, "मॅडम, पूर्ण रिकामी ना?" बारा वाजले, ताट सुरू झालं. बायका वर आल्या. संतोषही मशीन कड्याखाली उभी करून वर आला. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर पोळेल. माझं डोकं फिरलं. शेडच्या खांबाला चहाची सुट्टी सांगायला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मी पहार उचलली आणि त्यावर दाणदिशी तीन ठोके दिले.

"घ्या! पडले तीन! आता तरी उतरा!"

यशोदाबाई माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

संतोष उठला. बहिणीची लाज राखायला उठला, मला माहीत आहे. "अक्काचा हुकूम," म्हणत पॅन्ट झटकून उतारावरून निघाला.

तो अर्ध्यात पोचला आणि ताट पुन्हा वाजलं. एका दिवसात दुसऱ्यांदा कधीच वाजलं नव्हतं. आणि या वेळी आवाज हवेतून येत नव्हता, खालून येत होता, उगवतीच्या कोपऱ्यातून, मशीनच्या खालून. वेड्यासारखा, जिवाच्या आकांतानं कुणी वाजवावं तसा. माझ्या चपलांमधून तळपायाला कंप लागत होता. संतोष थांबला. यशोदाबाई उतारावर धावत गेली आणि त्याच्या दोन्ही पायांना मिठी मारून खाली बसली. त्याला पाऊलच उचलू देईना.

"सोड की मावशी—" एवढं तो म्हणाला आणि कडा सुटला.

फार मोठा आवाज झाला नाही. भिंतीचा एक तुकडा सरकला, बस. धूळ बसली तेव्हा पोकलेनची केबिन दिसली... तिची उंची गुडघ्याएवढी राहिली होती. मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही. मला फक्त आठवतंय की माझ्या हातात अजून पहार होती.

कडा का पडला, याचं उत्तर माझ्याकडं आहे. इतकी वर्षं कचऱ्यानं त्याला टेकण दिलं होतं, ते आम्ही काढून घेतलं. हे मला, शिकलेल्या बाईला, आधी सुचायला हवं होतं.

पुढं पोलीस आले, दुसरी मशीन आली. पडलेल्या दगडांखाली कचऱ्याचा शेवटचा हातभर थर होता, त्याच्याखाली जुन्या पडझडीचे दगड, आणि त्यांच्याखाली हाडं. हाडांच्या छातीशी पितळेचं ताट होतं, एका बाजूनं चेपलेलं. तिथून काही हात अंतरावर दगडात एक भोक, त्यात जिलेटिनच्या कांड्या, वायर तशीच. ताट धुतल्यावर काठावर टोचलेली अक्षरं दिसली — लग्नातल्या भांड्यांवर टाकून घेतात तशी — 'चि. सौ. कां. यशोदा हिस मामांकडून भेट'.

यशोदाबाईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, पदराच्या टोकानं कपाळ पुसलं, मंगळसूत्र काढून हाडांजवळ ठेवलं. "पळाले नव्हते," एवढंच म्हणाली. मग रडली. आम्ही सगळ्याच रडलो.

कांड्या हलवणं धोक्याचं म्हणून पोलिसांच्या बॉम्बनाशक पथकानं दुसऱ्या दिवशी त्या जागच्या जागी उडवल्या. आम्हाला लांब, डांबरी रस्त्यावर उभं केलं होतं. पोटात बसावा तसा एक दबका धमाका झाला.

"बारा," यशोदाबाई म्हणाली.

आणि मग, सावकाश, ठण... ठण... ठण. तीन. ताट त्या वेळी पंचनाम्याच्या कापडात शिवून, सील लावून, आमच्याशेजारी उभ्या असलेल्या पोलीस जीपमधे होतं. हवालदारानं जीपकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बायकांनी टोपल्या उचलल्या आणि कुणी न सांगता खदानीकडं चालायला लागल्या. त्या दिवसापासून तिथं ताट वाजलेलं नाही.

इतक्या खाली दबलेलं ताट कोण वाजवत होतं, आणि सीलबंद गाठोड्यातून तीन ठोके कसे आले, मला आजही माहीत नाही. कुणी शास्त्रीय कारण सांगत असेल तर ऐकून घेईन, मीच आधी शोधून थकले. माझ्या डोक्यातून जात नाहीत ते मात्र माझे तीन ठोके. मुकादमाला मी मनातून किती शिव्या दिल्या होत्या!

संतोष आता दुसऱ्या साइटवर आहे, माझ्याच हाताखाली. मी तिथं नसले तर रोज जेवणानंतर मशीनवर चढायच्या आधी त्याचा फोन येतो. "अक्का, ठोके पडले का?" थट्टेत विचारतो, पण विचारल्याशिवाय चढत नाही. मी लगेच हो म्हणत नाही. तिथल्या सुपरवायझरला दुसऱ्या फोनवर घेते, खाली कोण, वर कोण, एकेक नाव मोजायला लावते, आणि मगच म्हणते, "पडले."