बेचाळिसावं नाव

फॅशनच्या त्या मासिकात तिला सगळे टाचणीताई म्हणत. ओठांच्या कोपऱ्यात दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्याच, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं नाकातून यायचं. बावीस वर्षं ती कपड्यांच्या खोलीत होती. मॉडेल यायच्या काडीसारख्या, कपडे यायचे ऐसपैस. मग पाठीमागून चिमटे लावून, टाके घालून ती कपडा असा बसवायची, की पुढून बघणाऱ्याला वाटावं अंगावरच शिवलाय.

घरी ती आणि आई. धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी एका मोर्चाला गेला तो परतलाच नाही. त्याला गाडीत कोंबताना ज्याने पाहिलं, तोच दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी कुठे काय पाहिलं?" आईने तेव्हापासून तोंडाला कुलूप घातलं. तक्रार नाही, चौकशी नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर, "परदेशी नोकरी लागली." लेक तरी डोळ्यांसमोर राहावी, एवढंच तिचं म्हणणं.

संपादकबाईंना दर वर्षी एक अंक 'गंभीर' काढायची हौस. प्रदूषणावर काढला तेव्हा बुटांच्या रंगाचे मास्क शिवून घेतले होते. या वेळी त्यांनी टाचणीताईसमोर एक कागद ठेवला.

"बेपत्ता माणसं. पांढरा लांब कोट, त्यावर लाल दोऱ्याने ही एकेचाळीस नावं. यादी पेपरात येऊन गेलीय, म्हणजे आपल्याला काही त्रास नाही."

टाचणीताईने यादीवरून दोनदा बोट फिरवलं. धाकट्याचं नाव असायचं कारणच नव्हतं. ती नऊ दिवस भरत राहिली. कुणाच्या नावात काना, कुणाच्या नावात जोडाक्षर. सुईने भोकं पडून बोटं सुजली. नवव्या दिवशी एकेचाळीस नावं संपली, सुईत वीतभर दोरा उरला. उजव्या बाहीच्या पट्टीवर, अगदी बारीक, तिने बेचाळिसावं नाव भरलं. बाही काय, कुणाच्या लक्षात येणार?

फोटोग्राफर मॉडेलला म्हणाला, "दुःख डोळ्यांत ठेव, ओठ सैल सोड. आणि हात गालावर. उजवा."

टाचणीताईच्या तोंडातली टाचणी खाली पडली.

अंक निघाला. कव्हर जो तो एकमेकांना पाठवू लागला. 'काय हिंमत!' म्हणून संपादकबाईंना फुलांचे गुच्छ आले. पाचव्या दिवशी दोन माणसं आली. इस्त्रीचे कपडे, गोड आवाज. टाचणीताईला बोलावणं आलं तेव्हा अंक टेबलावर उघडा होता आणि संपादकबाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"फार सुंदर काम आहे हो," त्यातला वयस्क म्हणाला. "यादीत एकेचाळीस आहेत. कोटावर बेचाळीस. हे एक कुठून आलं?"

संपादकबाई घाईघाईने म्हणाल्या, "डिझाइनसाठी घातलं असेल. मनानेच. हो ना, ताई?"

"तसं असेल तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. "एवढंच लिहून द्या, की या नावाचा कुणी माणूस नाही."

संपादकबाई डोळ्यांनी विनवत होत्या. एक ओळ लिहिली की सगळे सुटणार होते. टाचणीताईने पेन उचललं. धाकट्याच्या नावाचं पहिलं अक्षर कागदावर काढलं आणि हात पुढे जाईना. तीन वर्षं त्याला परदेशी ठेवणं वेगळं. तो जन्मलाच नाही हे स्वतःच्या अक्षरात लिहायचं?

"माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली.

त्या माणसाने शांतपणे कागद घडी करून खिशात ठेवला.

"बरं झालं सांगितलंत. आई घरीच असतात ना या वेळी? गुडघे दुखतात म्हणे त्यांचे."

ती पर्ससुद्धा न घेता धावत सुटली.

दार सताड उघडं होतं. आई खुर्चीत ताठ बसलेली. समोर दोन खुर्च्या ओढलेल्या.

"आई, कोण आलं होतं?"

"दोघं. चांगले बोलले. धाकट्याचा फोटो मागितला, मी दिला." आईचा आवाज विचित्र सपाट होता. "जाताना एकजण म्हणाला, उंच होता हो तुमचा मुलगा."

टाचणीताई तिच्यापाशी जमिनीवर बसली.

"मी इतकी वर्षं मनात 'आहे' म्हणतेय गं," आई म्हणाली. "तो 'होता' म्हणाला. आणि उंची फोटोत दिसत नाही. फोटो नुसता चेहऱ्याचा आहे."

दुसऱ्या दिवशी मासिकाने दिलगिरी छापायचं ठरवलं आणि टाचणीताईची खोली दुसरीला दिली. ते तिला फोनवर कळलं, तेव्हा ती आईचा हात धरून पोलीस चौकीच्या पायऱ्या चढत होती. आईने गुडघ्यांची तक्रार केली नाही. आत कारकुनाने विचारलं, "काय काम आहे?" आणि टाचणीताईच्या आधी आईच बोलली, खणखणीत आवाजात, मुलाचं पूर्ण नाव घेऊन.

कारकुनाने लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं, आणि उठून आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आईने त्या बंद दाराकडे तोंड करून तेच नाव पुन्हा घेतलं, आणखी मोठ्याने.