जनूकाकांची ना-हरकत

जनूकाकांच्या क्लबात खेळाडूचा पगार होता दोन उकडलेली अंडी आणि एक केळं. सामना जिंकला तरी तेवढंच आणि हरला तरी तेवढंच. बरोबरी झाली की काका म्हणायचे, "आज दोघांनी पन मेहनत केली," आणि उरलेली केळी समोरच्या संघाला वाटून टाकायचे. अंडी काकांची बायको तुळशीकाकू घरी उकडायच्या आणि डब्यात मिठाची पुडी ठेवायच्या. त्या स्वतः मैदानावर यायच्या नाहीत, पण कुणाची अंडी परत आली तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या घरी चौकशी पोचायची.

गावदेवी फुटबॉल क्लब, चिखलोली. मी अंबरनाथच्या बुद्धविहाराजवळ राहायचो आणि सायकलवरून सरावाला जायचो. डावा बॅक खेळायचो. पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणून काका मला 'इंजिनेर' म्हणायचे. नरेंद्र हे माझं नाव त्यांनी क्लबच्या यादीपुरतंच वापरलं.

काकांनी छत्तीस वर्षं एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर काढली होती. क्लबचे सेक्रेटरी ते पहिल्यापासून होते, रिटायर झाल्यावर कोचही झाले आणि माळीही. रविवारी सकाळी मैदानावर चुन्याची फक्की मारायचं काम ते कुणाला देत नसत. दोरी लावायचे नाहीत, तरी रेघ सरळ यायची. मी एकदा शाळेची मोठी फूटपट्टी घेऊन गेलो आणि पेनल्टीची जागा मोजली. दोन इंचांचा फरक निघाला. काका म्हणाले, "तुजी पट्टी तापली असंल उन्हानं."

क्लबचा वर्षाचा खर्च बावीस हजार होता. चेंडू, रेफरी, लीगची फी, टेम्पो, अंडी-केळी, सगळं धरून. मुलं वर्गणी काढायची, गणपतीत थोडं जमायचं, कमी पडलं तर काका घालायचे. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग चिखलोलीच्या जमिनीला भाव आला.

भावेश हा काकांचा सख्खा पुतण्या. त्याच्या वाट्याची वीस गुंठे जागा बिल्डरने घेतली आणि पहिला चेक मोठा दिला. भावेशने गाडी घेतली, गळ्यात बोटभर जाड चेन घातली. २००६ च्या मे महिन्यात त्याचं लग्न ठरलं. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडवात बँजो, लाउडस्पीकर, आणि माईकवर एक माणूस आहेर पुकारायला: अमुक यांच्याकडून पाचशे एक, तमुक यांच्याकडून हजार एक. ज्याचं नाव घेतलं जातं तो दोन बोटं वर करतो आणि मंडळी टाळ्या वाजवतात.

संध्याकाळी सात वाजता नवरदेवाने स्वतःच माईक घेतला. अंगभर हळद, डोक्याला टॉवेल. तो म्हणाला, "मना आहेर नको. यंदा आहेर क्लबला द्या. आपला क्लब वरच्या गटात गेला पाहिजे. माझ्याकडून क्लबला एक फॉरवर्ड! कलकत्त्याचा! महिना बारा हजार!"

बँजो वाजला. मग चंदूशेठ उठला. त्याची जागा भावेशच्या शेजारची, त्याच बिल्डरने घेतलेली. "माझ्याकडून गोलकीपर! महिना दहा हजार!" मागून कुणीतरी ओरडलं, "चंदूशेठ, नवरदेवापेक्षा दोन कमी?" चंदूशेठने लगेच बारा केले. मग सेंटर हाफ आला, मग आणखी दोघे. तासाभरात मांडवात पाच खेळाडूंचा संघ उभा राहिला. महिन्याला चौपन्न हजार.

आहेराची वही काकांच्या मांडीवर होती. ते लिहीत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काका, आपला वर्षाचा खर्च बावीस हजार. हा एका महिन्याचा चौपन्न."

"गप रं," काका म्हणाले. "गाव पहिल्यांदा उभा राहिलाय क्लबच्या मागं. सत्तावीस वर्षं मी एकटा बोंबलत होतो."

खरं तर मीही नाचलो त्या संध्याकाळी.

खेळाडू आणायला काका स्वतः गेले, जनरलच्या डब्यातून. भावेशचा फॉरवर्ड होता तपन, कलकत्त्याजवळच्या बारासातचा, सव्वीस वर्षांचा, किडकिडीत. त्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. त्याने काकांना अंगणात खाटेवर बसवलं आणि एकच विचारलं, "दादा, पैसा टाइम पे मिलेगा ना? पिछला क्लब में हम मार खाया है."

काकांनी उत्तर दिलं, "हमारे गाव में माईक पे बोला हुआ कोई फिरवता नहीं."

ते खोटं नव्हतं. आहेर पुकारून कुणी बुडवला, असं चिखलोलीत कधी झालं नव्हतं.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पगार वेळेवर झाले, आम्ही जिंकत गेलो आणि सप्टेंबरअखेर पहिल्यांदाच वरच्या गटात पोचलो. आम्ही म्हणजे ते. मी बाकावर होतो, पण तक्रार नव्हती, कारण तपनचा खेळ बाकावरूनच नीट दिसायचा. चेंडू त्याच्या पायाशी आला की तो क्षणभर थांबायचा, जणू चेंडूला विचारतोय, कुठे जायचंय तुला. सरावानंतर तो मला थांबवून डाव्या पायाचा क्रॉस शिकवायचा. "इंजिनियर, ताकत मत लगाओ, हिसाब लगाओ." बदलापूरला त्याला खोली भाड्याने घेऊन दिली होती. सप्टेंबरात त्याला मुलगी झाली. तुळशीकाकूंनी त्याच्या खोलीवर डिंकाचे लाडू पाठवले. बाळंतीण कलकत्त्याला आणि लाडू बदलापूरला, म्हणून काका हसले, तर काकू म्हणाल्या, "बाप पन जागतो. तो मनानं जागतो."

ऑक्टोबरात पगार आला नाही. नोव्हेंबरातही नाही. भावेश 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिला. चंदूशेठच्या दारात काका तीनदा गेले. तिसऱ्यांदा मी सोबत होतो. चंदूशेठ झोपाळ्यावर बसला होता.

"काका, आहेर दिला की. तीन महिने दिला. आहेर कोण जन्मभर देतो का?"

परत येताना काका रस्त्यात थांबले. "इंजिनेर," ते म्हणाले, "तो बरोबर बोलतोय. आहेर एकदा द्यायचा असतो. आमी पगाराला आहेर समजलो. गावातलं एक माणूस उठून बोललं नाय, की दर महिन्याला तारीख येते म्हणून. मी पन नाय. मी तर छत्तीस वर्षं पगार घेतला."

गोलकीपर एक दिवस सामानासकट गेला. मग दोघे. दिवाळीनंतर सेंटर हाफही. तपन राहिला. खोलीचं भाडं थकलं, खानावळ बंद झाली. तो दुपारी काकांच्या घरी जेवायचा. मासे नसले की तुळशीकाकू त्याची माफी मागायच्या.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला पुण्याच्या एका क्लबचा निरोप आला. पगार नऊ हजार, कमी पण पक्का; राहायला हॉस्टेल. दोन जानेवारीला हजर व्हायचं. अट एकच: चिखलोलीच्या क्लबची एनओसी, म्हणजे या खेळाडूला सोडायला आमची हरकत नाही असं सेक्रेटरीच्या सहीचं पत्र. लेटरहेड काकांच्या कपाटात होतं. उल्हासनगरच्या सिंधी प्रेसवाल्याने एकोणऐंशी साली पाचशेपेक्षा कमी छापायला नकार दिला होता. तीनशे अजून शिल्लक होते.

भावेशला कळलं तसा तो काकांच्या घरी आला. मी ओटीवर बसून सामन्याची यादी लिहीत होतो.

"काका, सही करू नका. पुणेवाले पन्नास हजार देतील त्याच्यासाठी. कागद आपल्याकडे आहे, म्हणजे प्लेअर आपला आहे. आणि रविवारी शेवटची मॅच. तो नसला तर आपण हरलो, हरलो तर खालच्या गटात. सत्तावीस वर्षांत एकदा वर आलो, काका!"

"त्याचे तीन महिन्यांचे छत्तीस हजार?"

"पुण्याच्या पैशातून देऊ ना. आणि नाही दिले पुण्याने, तर बसेल इथेच. जाईल कुठे? मोठ्या क्लबात पण असंच चालतं."

काकांनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. नाय करत सही."

मी मान वर केली.

"पन तू चल माझ्यासंगं बदलापूरला," काका पुढे म्हणाले. "हे जे मला बोललास, ते त्याच्या तोंडावर बोल. पगार नाय आणि कागद पन नाय. मी त्याला बारासातवरून आणला. पन मालक तू हायस. तू सांगशील तर मी सही नाय करनार."

भावेश म्हणाला, "एवढंच ना? चला."

आम्ही तिघे त्याच्या गाडीने गेलो. पेट्रोल काकांनी भरलं, तेव्हा मला थोडं नवल वाटलं. खोली तिसऱ्या मजल्यावर. तपनने दार उघडलं आणि भावेशला बघून त्याचा चेहरा असा खुलला की मी खाली बघितलं. खोलीत एकच प्लॅस्टिकचं स्टूल होतं. त्याने ते शर्टाने पुसून भावेशला दिलं. भिंतीला मुलीचा फोटो चिकटवला होता. त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं.

"कल ही घर पे फोन किया," तपन म्हणाला. "वाइफ बोली पैसा गया, छोड़ दो. हम बोला, नहीं, मालिक खुद आएगा. देखो, आ गया." तो स्टोव्ह पेटवायला वळला. "चाय में दूध नहीं है मालिक. चलेगा?"

भावेश म्हणाला, "चलेगा." काळा चहा संपेपर्यंत तो त्या फोटोकडे बघत होता. कप ठेवला आणि "गाडी में कुछ भूल गया," म्हणून खाली उतरला. काका आणि मी मागोमाग गेलो तर तो गाडीच्या आडोशाला उभा होता.

"काका, सही करा."

"आणि छत्तीस हजार?"

"नाहीत." त्याने गळ्यातली चेन काढून काकांच्या हातावर ठेवली. "विकायला निघालात तर सोनार हसेल. एक ग्रॅमवाली आहे. खरी दिवाळीतच गहाण टाकली. बिल्डरचे दुसरे दोन चेक परत आले. गाडीचे हप्ते थकलेत. पुण्याच्या पन्नास हजारांवर मी माझा हप्ता पण धरला होता, काका. घरात कुणाला माहीत नाही. तिला पण नाही."

काकांनी ती चेन पुन्हा पुतण्याच्या गळ्यात घातली, हुक लावला, कॉलर नीट केली.

"घाल. सूनबाई विचारंल," ते म्हणाले. "आधी बोलायचं होतंस रं मला. मी काय परका हाय?"

भावेश रडला. दुपारची वेळ, येणारेजाणारे बघत होते. काका त्याच्यापुढे उभे राहिले, पाठ रस्त्याकडे करून, सामन्यात फ्री किकच्या वेळी भिंत उभी राहते तसे.

मग ते एकटे तिसऱ्या मजल्यावर गेले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. वर काय बोलणं झालं ते मला तपननेच नंतर सांगितलं. काकांनी त्याला सरळ सांगितलं की पैसे आज नाहीत, उद्याही नाहीत, पण येतील. आणि खिशात घडी करून आणलेल्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. आमची हरकत नाही, खेळाडू गुणी आहे, आणि खाली: 'या खेळाडूचे तीन महिन्यांच्या पगाराचे रुपये छत्तीस हजार क्लबकडून येणे बाकी आहे.' तपन म्हणाला, "दादा, ये लाइन काट दो. आपका क्लब का बदनामी होगा." काका म्हणाले, "कल तुमको कोई पूछेगा, छह महिना क्या कमाया? तो कागद दिखाना."

त्या एका ओळीसाठी गावात काकांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. स्वतःच्या हाताने पुरावा दिला म्हणे. पण तो प्रसंग पुढचा.

रविवारी, एकतीस डिसेंबरला, शेवटचा सामना होता. तपन बूट बांधून हजर. पुण्याला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. "आज फ्री में खेलेगा, दादा. जिता के जाएगा." बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात राहिलो असतो, आणि तो असता तर बरोबरी नक्की होती. हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होतं. काकांना सगळ्यांत जास्त.

काकांनी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

"पाय मोडला तर पुण्याला काय घेऊन जाशील? बस इथं."

"दादा, नीचे चला जाएगा क्लब!"

"क्लब खाली गेला तर वर येतो. माणूस मोडला तर नाय येत. इंजिनेर, शर्ट काढ त्याचा. नऊ नंबर तू घाल."

मी डावा बॅक. मी फॉरवर्डला गेलो. ज्यांनी अर्धा मोसम बाकावर काढला होता ती आमची सगळी मुलं उतरली, भावेशची जुनी दोस्तमंडळी सुद्धा, सुटलेल्या पोटांची. मध्यंतराला शून्य-दोन होतं. तपन अनवाणी रेषेवर उभा राहून माझ्यावर बंगालीत ओरडत होता आणि काका त्याला मागून दंडाला धरून रेषेच्या आत येऊ देत नव्हते. शेवटच्या दहा मिनिटांत मी डाव्या पायाने एक क्रॉस मारला. हिशोबाने. तो बारच्या वरून गेला. तपनने डोकं धरलं, काकांनी टाळ्या वाजवल्या.

शून्य-तीन. आम्ही खाली गेलो.

त्यानंतर काकांनी एका बांधकामावर वॉचमनची ड्युटी धरली, ज्या जागेवर पूर्वी त्यांचीच भातखाचरं होती तिथे. भावेशने गाडी विकली आणि एका टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. दर महिन्याच्या पाच तारखेला दोघे मिळून दोन हजारांची मनीऑर्डर करायचे. हजार याचे, हजार त्याचे. पोस्टाच्या रांगेत भावेशने उभं राहायचं, असा काकांचा नियम होता. अठरा महिने त्यात एकही खाडा पडला नाही.

पण त्या रविवारी यातलं काही ठरलेलं नव्हतं. शिट्टी वाजली, मुलं गवतावर आडवी झाली, समोरचा संघ नाचत होता. भावेश काकांजवळ येऊन उभा राहिला.

"गेला काका, आपला वरचा गट."

काका तपनचे बूट पिशवीत भरत होते, वाळलेल्या मातीचे ठोकळे काडीने काढून, एकेक.

"जाऊ दे," ते म्हणाले. "याला उद्या सकाळी सातला निघायचंय. तू सोडायला जा. आणि तिकीट काढून दे त्याचं, बसायला जागा मिळंल असं."